आत उडणारे पक्षी

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
ठिकरीचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' यांच्यापलीकडे जात नाही, आणि उरलेली उत्तरं आई मागून ओरडून देते. कागदावर तुम्ही निदान वाक्य पुरं करता. शिवाय विषय तुमच्या धंद्यातला आहे, आणि आता माझ्याही. तेव्हा चष्मा लावून, खुर्चीत नीट बसून वाचा.

जमिनीखालच्या एका मेट्रो स्टेशनाच्या दुरुस्तीवर मला घातलंय, हे आईनं सांगितलं असेलच. कोणतं स्टेशन, हे मलाही रुजू होईपर्यंत ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी जुन्या कागदांत मोझॅकच्या कारागिरांची यादी हाती आली, एकेचाळीस वर्षांपूर्वीची, आणि तिच्यात दुसऱ्याच ओळीत तुमचं नाव. मी बोट ठेवून तीनदा वाचलं. शहरात एक-दोन किरकोळ कामं केली होती, एवढंच मी लहानपणापासून ऐकत आले. अहो बाबा, याला किरकोळ म्हणतात?

अकरा वर्षं मी इथे राहते, पण माझा रोजचा रस्ता नदीपलीकडचा. या बाजूला उतरायची वेळच आली नव्हती. तीन सरकते जिने उतरून खाली आले आणि हातातली हत्यारांची पेटी खाली ठेवून उभी राहिले. दुधी रंगाचं कमानदार छत, त्यावर उठावाची वेल. खांबांना हिरवा दगड, इतका घोटलेला की जाणारे-येणारे त्यात बघून केस सारखे करतात. पितळी देठांवर उमललेले दिवे. वर रस्त्यावर एकमेकांवर खेकसणारी माणसं इथे उतरल्यावर आपोआप हळू बोलतात. जमिनीच्या इतक्या खाली येऊन मान वर करावीशी वाटते, हे मी पहिल्यांदाच अनुभवलं.

आणि मग तो लांब बोळ, प्लॅटफॉर्मवरून बाहेरच्या जिन्याकडे नेणारा. गडद निळ्या काचेच्या तुकड्यांची भिंत आणि तिच्यावर तुमचे पक्षी. पंखांच्या कडेला तेवढं सोनं. बाबा, मी तुमची मुलगी आहे म्हणून म्हणत नाही, त्या पंखांतली तुकड्यांची चाल बघून माझ्या बरोबरीच्या कारागिरांनी हात जोडले.

आता अडचण. तळघरातल्या कपाटात मूळ आराखडा सापडला. त्यात पक्षी जिन्याकडे, म्हणजे बाहेर उजेडाकडे उडतात. भिंतीवरचे नेमके उलट, आत प्लॅटफॉर्मकडे. दुरुस्तीच्या प्रमुख बाई नियमाला पक्क्या आहेत. मूळ कारागिरांनी ठरवून केलं असेल तर ते मूळ धरायचं, हात लावायचा नाही. चूक झाली असेल तर उतरवून आराखड्याप्रमाणे नवी भिंत करायची. आणि उतरवायचं काम माझ्या वाट्याला आहे.

तेव्हा एवढंच करा. तुम्ही आणि तुमच्या उस्तादांनी, म्हणजे यादीतल्या पहिल्या नावानं, ती भिंत ठरवून तशी केली, असं दोन ओळींत लिहून सहीनिशी पाठवा. महिनाअखेरपर्यंत बाईंच्या हाती पडलं म्हणजे झालं.

आईला नमस्कार. तुमच्या माझ्यावरच्या लोभाबद्दल शंका नाही, तो फक्त 'हं' एवढ्या उत्तरातून कळवू नका.

तुमची,
ठिकरी

•

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठिकरीस,
अ. आ.

पत्र पावलं. खुर्चीत बसूनच वाचलं.

आराखडा बरोबर आहे. भिंत चुकलेली आहे. उतरवायची असेल तर उतरवा.

उतरवताना घाई करू नका. आधी काच कोमट पाण्यानं पुसा. तेजाब अजिबात नको, सोन्याच्या तुकड्यांवरची काच पातळ असते, ती जाते आणि मागे पिवळट डाग तेवढा राहतो. मग दर्शनी बाजूवर जाड कापड खळीनं चिकटवा, पुरतं वाळू द्या, आणि हातभर रुंदीचे भाग करून मागून पातळ छिन्नी घाला. खालून वर जा. वरून खाली आलात तर वजन तुमच्या हातावर येईल. तुकडे पुन्हा वापरता येतील. उस्तादांनी गिलावा चांगला केला होता, त्यामुळे त्रास देईल.

गुडघ्याला पट्टा बांधून काम करतेस ना? माझ्या गुडघ्यांकडे बघ आणि शहाणी हो. जावयांना सांग, त्यांनी पाठवलेला, झोपताना मानेखाली घ्यायचा तक्ता उत्तम आहे, तुझी आई त्यावर कणीक मळते.

आमची आठवण ठेवतेस, तेवढं पुरे.

तुझे,
बाबा

•

ता. १४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

छिन्नी कशी घालायची हे मला येतं. तुम्हीच शिकवलंय. मी विचारलं होतं एक आणि तुम्ही उत्तर दिलंत भलत्याचंच. आई म्हणते तेच खरं, तुम्हाला बोलतं करायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा.

भिंत चुकलेली आहे म्हणता. मी गेले दहा दिवस तिच्यासमोर आहे. आमचा अर्धा बोळ पडद्यानं झाकलेला असतो, उरलेल्या अर्ध्यातून लोक जातात, आणि पडद्याच्या फटीतून मला ते दिसतात. सकाळी कामाला निघालेले घाईत प्लॅटफॉर्मकडे जातात, तेव्हा पक्षी त्यांच्याबरोबर जातात. जवळच्या हॉस्पिटलातली एक नर्स मात्र त्या वेळी पाळी संपवून घरी निघालेली असते. ती गर्दीतून बाजूला होते, भिंतीला पाठ लावून पायातले बूट बदलते आणि मग गाडी पकडते. दुसरी कुठलीही भिंत तिला चालत नाही. काल आम्ही पडदा पुढे सरकवला तर तिनं मला बाई, अजून किती दिवस, असं अगदी घरमालकिणीच्या सुरात विचारलं.

दुपारी दोन निवृत्त मास्तर येतात. कुठे जायचं नसतं. तिकीट काढून खाली उतरतात, बाकावर बसतात, आणि पक्षी बगळे आहेत की हंस यावर भांडतात. मला निवाडा करायला सांगितला. मी म्हटलं, वडिलांना विचारून सांगते. तेव्हा तेही कळवा.

लोकांनी तर जागांना नावं ठेवलीत. पहिल्या चोचीखाली भेट, असं फोनवर सांगताना ऐकलं. भिंत चुकलेली असेलही, पण ती चुकलीय हे या शहरात कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला, मला आणि बाईंना, बस्स.

आणि खरं सांगा, तुम्ही इथे एकदाही का आला नाहीत? माझ्या घरी आलात तेव्हाही बसनं आलात, बसनं गेलात. मेट्रोत गुदमरतं म्हणालात. सगळं आयुष्य बंद खोल्यांत दगड घासले, तेव्हा नाही गुदमरलं?

बाबा, मला ती भिंत उतरवायची नाही. दोन ओळी मागतेय.

रागावला असाल तर रागासकट आशीर्वाद पाठवा, चालेल.

तुमची,
ठिकरी

•

ता. १९ फेब्रुवारी

चि. ठिकरीस,
अ. आ.

बगळे आहेत. मास्तरांना सांग, हंसाची मान उडताना सरळ असते, बगळ्याची दुमडलेली.

बाकीचं सांगतो. तुझ्या आईलाही सांगितलेलं नव्हतं. काल रात्रीच्या जेवणाआधी तिला सांगितलं, कारण तुला आधी लिहून तिला मागून कळलं असतं तर माझी धडगत नव्हती.

आमची पद्धत तुला माहीत आहे. मोठं काम भिंतीवर उभं राहून तुकडा तुकडा लावत नाहीत. कारखान्यात टेबलावर जाड कागद पसरायचा, त्यावर चित्र उमटवायचं आणि तुकडे चेहरा खाली करून खळीनं चिकटवायचे. मग कागद उचलून भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर दाबायचा, पाणी मारून सोलून काढायचा. चेहरा बाहेर येतो. यात चित्राची डावी-उजवी बाजू बदलते, म्हणून कागदावर चित्र उलटंच काढून घ्यावं लागतं. ट्रेसिंग पेपर पालथा घालून गिरवायचा. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मी सहा वर्षं मुरलेला होतो. सव्वीस वर्षांचा, आणि हाताला वेग होता, त्याची घमेंड होती. त्या दिवशी ट्रेसिंग पेपर मी सरळच घातला. तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. कागदांना आकडेही मीच त्या क्रमानं घातले, त्यामुळे सगळं एकमेकांशी जुळलं. एकही पान अडलं नाही. चूक जुळून आली की दिसत नाही.

मी कारखान्यात पानं भरायचो, उस्ताद खाली भिंतीवर लावायचे. अडीच महिने. मी भिंत पाहिली ती पुरी झाल्यावर, मेट्रोचे साहेब आराखडा घेऊन तपासायला आले त्या दिवशी. साहेबांनी विचारलं, हे उलट कसं. आणि उस्ताद म्हणाले, कागद माझ्याकडून सरळ पडला.

ते माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तोंड उघडलं नाही.

स्टेशन उघडायला आठ दिवस होते, म्हणून भिंत राहिली. उस्तादांना काढून टाकलं. त्या मार्गावरची पुढची तीन स्टेशनं मी केली, त्यांच्या जागी, त्यांच्याच हत्यारांनी. हत्यारंही त्यांनी स्वतः आणून दिली होती. त्यांनी नंतर स्वयंपाकघरांच्या फरश्या बसवल्या. एवढ्या हातांचा माणूस.

तेव्हा मला तिथे का गुदमरतं ते आता तुला कळलं. ठरवून केलं असं मी लिहू शकत नाही. एकदा न बोलून खोटा झालो, आता लिहून होऊ म्हणतेस?

तू भिंत उतरव. वाईट वाटून घेऊ नकोस. झालं तर मला बरंच वाटेल.

तुझ्या हाताला यश येवो, या कामातही.

तुझे,
बाबा

•

ता. २२ फेब्रुवारी

चि. ठिकरी,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबांच्या नकळत आहे, म्हणजे ते समोर बसून पेपर वाचण्याचं सोंग करताहेत.

त्यांनी मला त्या दिवशी सगळं सांगितलं. एकेचाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाच्या पोटात एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं. मला राग चुकीचा आला नाही, मला आधी सांगितलं नाही याचा आला. सांगितलं असतं तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हात धरून उस्तादांकडे नेलं असतं आणि विषय मिटवला असता. पण पुरुषांना काय, मौन म्हणजे शहाणपण.

तर सकाळी यांना म्हटलं, उस्ताद अजून आहेत ना. म्हणाले, आहेत, नव्वदीला टेकलेत, सुनेकडे असतात, बसनं दोन तास. मी म्हटलं, मग आणखी कशाची वाट बघताय, ते जायची की तुम्ही? हे जरा लागलं असावं. गुळगुळीत दाढी केली, चांगला शर्ट काढला, तो उलटा घातला, मी सांगितल्यावर सुलटा केला, आणि गेले. संध्याकाळी सहाला परत आले ते डोळे सुजलेले आणि चेहरा चिडलेला. रडून आलेत की भांडून, कळेना. चहा घेतला, बिनसाखरेचा दिला तरी काही म्हणाले नाहीत.

काय झालं ते तेच लिहितील, मी विचारणार नाही. म्हणजे विचारलं, पण सांगत नाहीत.

तू जेवणाची वेळ पाळ. जमिनीखाली वेळ कळत नाही म्हणून सांगते. मायेत काही कमी नाही, पत्रं तेवढी कमी येतात.

तुझी,
आई

•

ता. २३ फेब्रुवारी

चि. ठिकरीस,
अ. आ.

आईनं लिहिलंच असेल. ती लिहीत होती तेव्हा पेपर मी उलटा धरला होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

उस्तादांकडे गेलो. ते खिडकीशी बसले होते. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, पण माझ्या पावलांवरून ओळखलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, शिव्या देतील, किंवा पाठीवर हात ठेवतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. हसले, आणि म्हणाले की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांचं म्हणणं असं. पहिल्या तीन पानांचा कागद सोलला तेव्हाच पक्षी उलट आहेत हे त्यांनी पाहिलं. काम तिथेच थांबवता आलं असतं. त्या संध्याकाळी हत्यारं गोळा करून ते बोळातून बाहेर निघाले आणि पक्षी त्यांना समोरून आले. दिवसभर जमिनीखाली काढल्यावर कुणीतरी आपल्याला घ्यायला आल्यासारखं वाटलं, म्हणे. म्हणून त्यांनी मला काही कळवलं नाही आणि पुढची पानं लावत गेले.

मी विचारलं, मग साहेबांना तसं का नाही सांगितलं, चूक का म्हटलं. तर म्हणाले, मुद्दाम केलं म्हटलं असतं तर साहेबांनी हट्टानं भिंत फोडायला लावली असती. चूक म्हटल्यावर फक्त मला काढलं. भिंतीपेक्षा मला हलवणं सोपं होतं.

शेवटी म्हणाले की चाळिसावा पक्षी त्यांनी स्वतः भिंतीवर थेट लावला होता, आराखड्याप्रमाणे, बाहेर जाणारा. तसं कसं दिसतं ते बघायला. मला असा पक्षी आठवत नाही. तपासणीच्या दिवशी जिन्याजवळच्या कोपऱ्यात परांची उभी होती, हे खरं.

ठिकरी, माझा विश्वास बसत नाही. हा माणूस माझ्यासाठी एकदा खोटं बोललेला आहे. दुसऱ्यांदा बोलायला त्याला काय लागतं? माझं ओझं उतरावं म्हणून त्यानं बसल्या जागी हे रचलं असेल. भांडलो मी त्यांच्याशी. त्यांनी सुनेला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं.

सोबत बाईंसाठी पत्र आहे. त्यात लिहिलंय की कागद माझ्याकडून सरळ पडला, उस्तादांनी आळ स्वतःवर घेतला, मी गप्प राहिलो. उस्ताद आता काय सांगतात तेही लिहिलंय, आणि मला ते खरं वाटत नाही हेही. तू वाच आणि बदल न करता दे. बदललंस तर मला कळेल.

देवाण-घेवाण सोड, आशीर्वाद एकतर्फीच असतात. ते घे.

तुझे,
बाबा

•

ता. २ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

क्रमानं सांगते, मध्ये उठू नका.

तुमचं पत्र मी एक अक्षर न बदलता बाईंना दिलं. त्या पत्रानं भिंत जाणार हे मला देतानाच दिसत होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या की इतकं खरं पत्र त्यांच्या टेबलावर आजवर आलेलं नाही. आणि मग म्हणाल्या की नियमानं भिंत उतरवावी लागेल, कारण ज्यानं ती केली तोच चूक म्हणतोय, आणि दुसऱ्याचं म्हणणं त्यालाच पटत नाही. मला त्यांचा राग आला नाही. आला, पण थोडा.

परवा सकाळी सुरुवात केली. तुम्ही सांगितलंत तसं खालून वर जायचं, आणि सुरुवात जिन्याजवळच्या कोपऱ्यातून. तिथे छतापासून खांद्यापर्यंत जाहिरातीची मोठी चौकट आहे, वीस-पंचवीस वर्षांची. आराखड्यात चाळीस पक्षी, भिंतीवर दिसतात एकोणचाळीस. चाळिसावा चौकटीचे खिळे ठोकताना गेला असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तुमच्या पत्रातला तो उस्तादांचा पक्षी मी विसरले नव्हते, पण खरं सांगते, माझाही विश्वास नव्हता. मी तुमचीच मुलगी.

चौकट चौघांनी मिळून उतरवली. मागे धूळ, कोळिष्टकं, आणि तो.

बाबा, तो बाहेर उडतो. एकटाच, जिन्याकडे. मी ओल्या फडक्यानं हळूहळू पुसत गेले. तुमच्या पक्ष्यांचे तुकडे एका पातळीत आहेत, टेबलावर दाबलेले. याचे वर-खाली, एकेक गिलाव्यात बोटानं खोचलेला, त्यामुळे दिवा हलला की पंख हलल्यासारखे वाटतात. दोन खिळ्यांनी शेपटी गेलीय. बाकी सगळा शाबूत. डोळ्याला तुम्ही एकच काळा तुकडा घालता. याच्या डोळ्यात तीन आहेत, एक काळा आणि दोन्ही बाजूंना राखाडी.

मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. कारण हे चुकून होत नाही. एकोणचाळीस आत आणि एक बाहेर, तोही थेट हातानं लावलेला. ज्याला दोन्ही दिशा माहीत आहेत तोच असं करतो.

बाईंना बोलावलं. त्या साडी सावरत शिडीवर चढल्या, तिथेच बराच वेळ थांबल्या. उतरून म्हणाल्या की मुख्य कारागिरानं डोळ्यांनी पाहून ठेवलेलं काम मूळ धरावं लागतं, मग ते सुरू कसं का झालेलं असेना. कागदावर सहीही झाली. भिंत राहिली, बाबा. आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि पडद्यापलीकडून जाणाऱ्या लोकांनीही, कशासाठी ते माहीत नसताना.

आता तुम्ही या. बसनं नाही. मी स्टेशनवर थांबते.

लोभ एकेचाळीस वर्षं तुंबवून ठेवलात, आता येताना घेऊनच या.

तुमची,
ठिकरी

•

ता. १७ मार्च

ती. उस्तादांस,
शि. सा. न. वि. वि.

हे सूनबाई वाचून दाखवतील. त्यांनी कुठलीही ओळ गाळू नये, अशी त्यांना हात जोडून विनंती.

काल जाऊन आलो. मुलीनं बोळाच्या कडेला स्टूल दिलं आणि संध्याकाळी पाच ते सात मी तिथे बसून होतो. आमची ही सोबत होती. तिनं पहिली पंधरा मिनिटं सगळ्या पक्ष्यांना नावं ठेवली, कुणाची मान आखूड, कुणाचे पाय काड्यांसारखे. मग गप्प झाली. तिला गप्प झालेली मी फार वेळा पाहिलेली नाही.

गाडी आली की माणसं एकदम येतात. खांदे उतरलेले, कुणी फोनमध्ये, कुणी स्वतःशी. इतकी वर्षं मला वाटायचं की हे पक्षी येणाऱ्याच्या अंगावर धावून जात असतील, त्याला मागे लोटत असतील. मनात मी ती भिंत तशीच पाहत आलो. तसं नाही. दोन पिशव्या घेतलेली एक बाई आली, मध्येच थांबली आणि पिशव्यांचे हात बदलले. हात बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा उजळला बिजळला नाही, खोटं कशाला सांगू. पण तिनं वर पाहिलं, आणि मग चालू लागली. तिच्यामागून आणखी एकानं पाहिलं, बहुतेक ती काय बघतेय ते बघायला. दोन तासांत मी असे पुष्कळ पाहिले. मोजले नाहीत.

मग मुलीनं मला परांचीवर चढवलं. हो, या गुडघ्यांनी. तुमच्या पक्ष्याला बोट लावलं. राखाडी तुकडे कुठून आणले होते? आपल्या पेटीत तो रंग नव्हता.

तुम्ही खरं बोललात आणि मी तुमच्याशी भांडलो, त्याबद्दल क्षमा. पण उस्ताद, एक गोष्ट तुमच्या पक्ष्यानं पुसली जात नाही. तुम्ही भिंत पाहून ठेवलीत, हे तुमचं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी शेजारी उभा असून बोललो नाही, हे माझं. तुम्हाला माहीत होतं, पण मला ते माहीत नव्हतं. मी मुकाट राहिलो तो माझी चूक तुमच्या माथी बसतेय हे समजून. तुम्ही सोड म्हणाल. सोडणार नाही, पण आता ते उचलून चालता येतं.

म्हणून एक केलं आहे. बाई भिंतीशेजारी छोटी पितळी पाटी लावणार आहेत आणि मजकूर त्यांनी मला विचारला. मी असा दिला: आराखड्यात हे पक्षी बाहेर जातात. कागद चुकीचा पडला तो हाताखालच्या कारागिराकडून. भिंत तशी ठेवली ती उस्तादांनी. खाली दोघांची नावं, तुमचं आधी. बाई म्हणाल्या, प्रवाशांना एवढं कशाला सांगायचं. मी म्हटलं, एकेचाळीस वर्षांत एक शब्द सांगितला नाही, आता तीन ओळी सांगू द्या.

पाटी तयार आहे, पण तुमचा होकार येईपर्यंत लावू नका असं मी बजावलंय. सूनबाईंकडून हो एवढं कळवा. नाही म्हणालात, तर पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं येऊन तुमच्या खिडकीसमोर बसणार आहे. मी किती वेळ गप्प बसू शकतो, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

प्रकृतीला जपावं. तुमचा लोभ मला न मागता मिळाला होता; आता मागून घेतो आहे, तो असू द्यावा.

आपला,
हाताखालचा